झोळीचा दोर आणि छताची दोरी



दोरी कशी निवडावी हा काही भाषणाचा विषय नव्हे, असे आपणांपैकी पुष्कळांना वाटेल. गेल्या वर्षापर्यंत मलाही तसेच वाटत होते. प्राथमिक शाळेत तेहतीस वर्षे मी मुलांना गणित शिकविले, भूमितीच्या आकृत्या फळ्यावर काढल्या. परंतु एका चार मिलिमीटर जाडीच्या दोरीने माझीच परीक्षा घेतली आणि तीत मी साफ नापास झालो. ती हकीकत आधी सांगतो, कारण पुढे जे सांगावयाचे आहे ते सारे तिच्यातूनच निघाले आहे.

आमच्या डोंबिवलीतील तरुण मंडळींना अलीकडे डोंगरात मुक्काम करण्याचा नाद लागला आहे. तो चांगलाच नाद आहे. शनिवारी दुपारी पाठीवर पिशव्या टाकून ही मुले कल्याणला गाडी बदलतात आणि कर्जतकडे, नाहीतर कसाऱ्याकडे निघून जातात. पूर्वी देवळात किंवा गुहेत सतरंजी टाकून निजत. आता तंबूही मागे पडू लागला असून, दोन झाडांच्या मध्ये कापडाची झोळी बांधावयाची, तिच्यावर हलक्या ताडपत्रीचे छत ताणावयाचे आणि अधांतरी निजावयाचे, अशी नवी रीत आली आहे. इंग्रजीत तिला हॅमॉक म्हणतात. रीत नवी म्हटली खरी, पण वस्तू फार जुनी आहे. १४९२ साली कोलंबस बहामा बेटांवर उतरला, तेव्हा तेथील लोक अशाच जाळीदार झोळ्यांत निजताना त्याला दिसले. त्यांच्याच भाषेतील शब्द स्पॅनिश लोकांनी उचलला आणि पुढे तो इंग्रजीत गेला. तेव्हापासून काही शतके युरोपातील खलाशी जहाजांवर झोळीत निजत आले. आपल्याकडे तर शेतात खुरपणीला गेलेली बाई लुगड्याची झोळी आंब्याच्या फांदीला टांगून तीत मूल निजविते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

मागच्या डिसेंबरात माझा नातू व त्याचे मित्र कोथळीगडाला निघाले, आणि त्यांच्याबरोबर मीही गेलो. कर्जतहून आंबिवलीपर्यंत वाहनाने आणि तेथून पेठच्या वाटेवर पायी. गावाच्या अलीकडे दोन आंबे पाहून मुलांनी झोळ्या काढल्या. नातवाच्या झोळीची दोरी घरी विसरली होती. माझ्या पिशवीत आमच्या गॅलरीतील कपडे वाळत घालण्याची पिवळी प्लास्टिकची दोरी होती. कशाला तरी लागेल म्हणून मी ती सोडून आणली होती. दुकानदाराने ती देताना, दोन क्विंटल वजन सहज पेलते, असे सांगितले होते. नातवाचे वजन पंचेचाळीस किलो. मी म्हटले, बांध हीच. तो बांधू लागला तेव्हा झोळी मध्ये लोंबते असे मला वाटले, आणि मीच त्याला म्हणालो, "ओढ, अजून ओढ, वीणेच्या तारेसारखी झाली पाहिजे." त्याने तशी ती ओढली. रात्री अकराच्या सुमारास कूस वळताना दोरी तुटली आणि मुलगा पालथ्या हातावर पडला. खाली दगड होता. मनगटाचे हाड मोडले. काळोखात त्याला खाली आणून कर्जतला डॉक्टरांकडे नेईपर्यंतचे ते तास मी विसरणार नाही.

घरी आल्यावर ती दोरी मी टेबलावर पसरली. दोन क्विंटलची दोरी पंचेचाळीस किलोला तुटली कशी, हे मला समजून घ्यावयाचे होते.

प्रथम हिशेब मांडला. दोन्ही झाडांत अंतर चौदा फूट होते. मुलगा निजल्यावर झोळी मध्यभागी जेमतेम सव्वा फूट खाली आली होती. आता, वजन खाली ओढते आणि दोरी ते आडव्या बाजूंनी वर धरून ठेवू पाहते. दोरी जितकी आडवी, तितका तिच्या ओढीचा वर उचलण्याच्या कामी येणारा अंश कमी, म्हणून तिला कितीतरी पट अधिक ओढावे लागते. सोपी रीत अशी: निम्मे वजन घ्यावे, त्याला झाडापासून मध्यापर्यंतच्या तिरप्या लांबीने गुणावे आणि झोळी जितकी खाली उतरली असेल तितक्याने भागावे. साडेबावीस किलो, गुणिले सुमारे सात फूट, भागिले सव्वा फूट. उत्तर येते सुमारे सव्वाशे किलो. झोळीचा बाक मी सोडून दिला आहे, म्हणून हा आकडा अगदी काटेकोर नव्हे. पण पंचेचाळीस किलोचा मुलगा एकेका बाजूच्या दोरीला सव्वाशे किलोने ओढीत होता, एवढे त्यावरून कळते.

ह्यावर विश्वास बसत नसेल तर घरी प्रयोग करावा. दोन माणसांनी दोरीची दोन टोके धरावी, मध्ये पाच किलो तांदळाची पिशवी अडकवावी, आणि दोरी सरळ रेषेत येईपर्यंत ओढावी. पिशवी थोडी वर येईल, पुढे हात भरून येतील आणि दोरी सरळ होणारच नाही. दोन पैलवान उभे केले तरी होणार नाही. आपल्या गॅलरीत दोरी तंग बांधून तीवर पिळलेली चादर टाकली की भिंतीतला हूक उपटून येतो, त्याचे कारण हेच. दोष बिचाऱ्या हुकाला आणि गवंड्याला देण्यात येतो.

मोठ्या माणसाचे आकडे सांगतो. सत्तर किलोचा मनुष्य झोळीत निजला आहे आणि दोरी जमिनीच्या पातळीशी तीस अंशांचा कोन करते आहे, असे धरा. तेव्हा प्रत्येक बाजूच्या दोरीवर सत्तर किलोच ओढ असते. कोन दहा अंश केला की ती दोनशेवर जाते, पाच अंश केला की चारशेवर. म्हणून झोळी बांधताना तीस अंश साधावे. आणि गंमत अशी की, अशी सैल झोळीच निजावयास अधिक सुखाची असते, कारण तीत थोडे तिरके आडवे होऊन पाठ सपाट ठेवता येते. तीस अंश मोजावयाचे कसे? मी कंपासपेटीतला गुण्या खिशात ठेवतो, तीस-साठ-नव्वदचा. मुले हसतात, हसोत. गुण्या नसेल तर तर्जनी आडवी व अंगठा काटकोनात उभा ताणून धरावा. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत जी तिरपी रेषा कल्पावी, तिचा तर्जनीशी होणारा कोन साधारण तेवढाच असतो.

परंतु सव्वाशे किलो झाले, तरी दोरी दोनशेची होती. मग बाकीचे बळ कोठे गेले? दोरी नीट पाहिली तेव्हा ती नेमकी गाठीच्या तोंडाशी तुटलेली आढळली. दोरी बहुधा तेथेच तुटते. सरळ दोरीत सर्व तंतू सारखा भार वाहतात. गाठीत ती वाकली की बाहेरच्या अंगाचे तंतू ताणले जातात, आतले मोकळे राहतात. गाठ चांगली असली तरी दोरीचे पाव बळ जाते, वेडीवाकडी असली तर निम्मे जाते. म्हणजे दोनशेचे शंभर झाले. शिवाय ती दोरी दोन उन्हाळे आमच्या पश्चिमेकडील गॅलरीत उन्हात लटकत होती. तिचा मूळचा पिवळाजर्द रंग पांढुरका पडला होता आणि बोट फिरविले की बारीक कुसळे हाताला लागत. ह्या स्वस्त प्लास्टिकच्या दोरीला पॉलिप्रॉपिलिन म्हणतात. उन्हातील अतिनील किरण तिचा घास घेतात. हे सगळे दर शनिवारी माझ्या डोळ्यांसमोर घडत होते आणि मी तिच्यावर सदरे वाळत घालीत होतो.

येथून माझा दोऱ्यांचा अभ्यास सुरू झाला. मशीद बंदरच्या बाजारात दोन-तीन चकरा मारल्या, गावाकडच्या जुन्या माणसांशी बोललो. आणि एक गोष्ट लक्षात आली. आपल्या शेतकऱ्याजवळ 'दोरी' नावाची एकच वस्तू कधी नव्हती. बैल हाकावयाचा तो कासरा, गुरू बांधावयाचे ते दावे, नाकातली ती वेसण, ओझी आवळावयाचे ते चऱ्हाट. मोटेलासुद्धा दोन दोर: भरलेल्या मोटेचे सारे ओझे ओढणारा जाड तो नाडा, आणि सोंडेला बांधलेला बारीक तो सोंदूर. नाड्याच्या जागी सोंदूर बांधणारा शेतकरी कोणी पाहिला नसेल. काथ्याचा दोर निराळा, अंबाडीचा निराळा, केकताडाचा निराळा. हे दोर वळण्याचे कसब महाराष्ट्रात मुख्यत्वे मातंग समाजातील कारागिरांच्या हाती होते आणि पोळा-बेंदूर आला की बैलांसाठी त्यांच्याकडचे नवे दोर घेतले जात. कोणत्या कामाला कोणता पीळ, कोणता वाख, हे ज्ञान त्यांच्या बोटांत होते. आपण शहरात आलो, सर्वांसाठी एकच प्लास्टिकची गुंडाळी किलोवर विकत घेऊ लागलो, आणि ते ज्ञान विसरलो.

डोंगरातल्या मुक्कामालाही हेच लागू आहे. झोळीचा दोर म्हणजे नाडा, छताची दोरी म्हणजे सोंदूर. पहिल्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो. दुसरीवर फक्त वारा आणि पाऊस ह्यांची ओढ असते. पहिल्याला बळ हवे आणि लांबत जाण्याची खोड नको. दुसरीला बळ थोडे चालेल, पण ओली झाली असता ती ढिली पडता कामा नये.

नैसर्गिक धाग्यांचे दोर हाताला चांगले लागतात, गाठ पक्की धरतात. पण ओल त्यांना मानवत नाही; सूत व ताग कुजतात, घरात उंदीरही त्यांना सोडीत नाहीत. आणखी एक चमत्कार असा की, पिळलेला सुती किंवा तागाचा दोर भिजला म्हणजे तंतू फुगून तो आखूड होतो. रोममध्ये १५८६ साली फोंताना नावाच्या वास्तुविशारदाने सेंट पीटरच्या चौकात एक प्रचंड पाषाणस्तंभ उभा केला, तेव्हा दोर सैल पडू लागलेले पाहून गर्दीतला एक खलाशी "दोरांवर पाणी टाका" म्हणून ओरडला आणि काम पार पडले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, तीतले शास्त्र खरे आहे. स्काउटांच्या जुन्या सुती दोऱ्यांच्या तंबूत पावसाची चिन्हे दिसली की ताण सैल करून ठेवीत, नाहीतर दोऱ्या आखडून खुंट्या उपटून येत.

नायलॉनचे उलट आहे. १९३५ साली अमेरिकेत कॅरोदर्स ह्यांनी ड्युपॉं कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार केले, आणि दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्र्यांसाठी रेशमाऐवजी ते वापरात आले. त्या छत्र्यांच्या दोरीचा वंशज आज 'पॅराकॉर्ड' म्हणून सर्वत्र मिळतो: सुमारे चार मिलिमीटर जाड, वरून विणीचे वेष्टन, आत सात बारीक पेड. ती सुमारे अडीचशे किलोला तुटते. मुले तिच्यावर फार खूश असतात. सामान बांधावयास, छत ताणावयास ती ठीक आहे. परंतु झोळी टांगावयास ती घेऊ नये. पाच अंशांवर बांधलेली झोळी चारशे किलोने ओढते हे आपण आताच पाहिले. शिवाय नायलॉन ताणले जाते, आणि भिजले की बळ काहीसे कमी होऊन आणखी लांबते. संध्याकाळी खुर्चीइतकी उंच बांधलेली झोळी पहाटे जमिनीला टेकलेली असते. हाच ताणण्याचा गुण कडे चढणाऱ्यांना तारतो, कारण पडणाऱ्या माणसाचा हिसका त्यात विरून जातो. गुण आणि दोष ही दोन्ही कामावर अवलंबून आहेत.

आपल्या कामाचे उत्तम द्रव्य म्हणजे पॉलिएस्टर. १९४१ साली इंग्लंडात विनफील्ड व डिक्सन ह्यांनी ते शोधिले. टेरिलीनच्या कापडाने ते आपल्या घरोघरी पोहोचले. ते फारसे लांबत नाही, भिजले तरी बळ टिकवून धरते, आणि उन्हाला पॉलिप्रॉपिलिनपेक्षा पुष्कळ दाद देत नाही. ह्याहून वरचढ असा एक धागा नेदरलंड्समध्ये विकसित झाला, त्याला डायनीमा म्हणतात. जेमतेम पावणेतीन मिलिमीटरची त्याची वेणी सुमारे सातशे किलो पेलते आणि पाण्यावर तरंगते. पण ती इतकी गुळगुळीत असते की साधी गाठ तीत सरकून सुटते. दोरीचे टोक दोरीच्याच पोटात ओवून फास करावा लागतो. किंमतही भारी. नवशिक्याने तिच्या वाटेस जाऊ नये, असे माझे मत आहे.

बाजारात पुष्कळशी दोरी चिठ्ठीशिवाय विकली जाते आणि दुकानदार सर्वांनाच नायलॉन म्हणतो. तेव्हा एक परीक्षा सांगतो. बोटभर तुकडा पाण्यात चांगला दाबून, आतली हवा काढून, बादलीत सोडावा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलिन किंवा तसलेच काही, झोळीसाठी बाद. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. ह्या दोहोंतला भेद ताणून कळतो: हातभर दोरीला जड पिशवी रात्रभर टांगा आणि सकाळी पुन्हा मापा. चिठ्ठी असलीच तर तीवरचा आकडा तुटण्याचा भार आहे की वापराचा, हे अवश्य विचारा. तुटण्याच्या भाराचा पाचवा हिस्सा तो वापराचा, असे मी धरतो. सत्तर किलोच्या माणसास तीस अंशांवर साडेतीनशेचा दोर हवा. गाठीचे नुकसान आणि कूस वळण्याचे हिसके धरून मी पाचशे सांगतो.

मात्र हा दोर झाडाला थेट बांधू नये. झाडाच्या सालीच्या आतल्या थरातून पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाते. बारीक दोरी वजनाने तेथे रुतली की तो मार्गच चिरडला जातो. सभोवार चिरडला तर झाड मरते. आपण एक रात्र निजून घरी येणार आणि गावच्या माणसाने लावलेला आंबा त्याची शिक्षा भोगणार, हे बरे नव्हे. खाटेच्या नवारीसारखा किमान दोन इंच रुंद पॉलिएस्टरचा पट्टा झाडाभोवती घ्यावा, त्याच्या फासात दोर अडकवावा. खरे सांगावयाचे तर असा पट्टाच शेवटपर्यंत नेला आणि मधला दोर गाळला तरी उत्तम. झाड मांडीपेक्षा जाड, जिवंत असावे. शेवगा किंवा पांगारा नको, लाकूड ठिसूळ. वर वाळकी फांदी आणि आग्यामोहोळ नाही ना, हे उजेड असताना पाहून घ्यावे. आणि झोळीची बैठक खुर्चीपेक्षा उंच नको, तिच्याखाली दगड नको. ही एवढी गोष्ट मी पाहिली असती तर दोरी तुटूनही मनगट वाचले असते.

शहरातील श्रोत्यांसाठी एक सूचना घाईने करतो, कारण हिच्यात डोंगरापेक्षा अधिक धोका आहे. घरच्या गच्चीवर विटांच्या सुट्या खांबाला, कठड्याला किंवा फाटकाच्या खांबाला झोळी बांधू नका. वरून येणारे वजन पेलण्यासाठी उभारलेला विटांचा खांब आडवी ओढ सोसत नाही. तो कोसळतो तो निजलेल्या माणसाच्या अंगावरच.

छताच्या दोरीविषयी थोडक्यात. दोन ते तीन मिलिमीटरची पॉलिएस्टरची विणीव दोरी पुरे. रंग भडक असावा, कारण अंधारात तिला अडखळून पडणारे पुष्कळ. छत झोळीच्या दोरालाच अडकविण्याचा मोह होतो, पण त्याची दोरी झाडाला वेगळी बांधावी, नाहीतर माणूस निजताच छत खाली ओढले जाते. पावसाळ्यात आणखी एक फजिती होते. छत कितीही चांगले असो, झाडाच्या बुंध्यावरून ओघळणारे पाणी झोळीच्या दोरावर येते आणि दोराच्या उतारावरून मुकाट्याने चालत थेट निजणाऱ्याच्या उशाशी पोहोचते. ह्यावर उपाय दोन पैशांचा आहे. छताच्या आतल्या बाजूस, दोन्हीकडे, दोराला सुती सुतळीचा वीतभर तुकडा बांधून खाली लोंबता ठेवावा. पाणी त्या सुतळीवरून उतरून जमिनीवर ठिबकते. येथे मात्र सूतच हवे, कारण ते पाणी शोषून आपल्याकडे ओढते.

घरी आल्यावर दोर सावलीत वाळवावा. पीळ उलगडून आत पाहावे. आत मातीचे कण, बाहेर कुसळे, कोठे वितळून चकाकी आलेली दिसली, तर तो दोर सामान बांधण्यास द्यावा. मी दोराच्या टोकाला चिकटपट्टी लावून तीवर खरेदीचा महिना लिहितो.

नातवाचे मनगट सहा आठवड्यांत जुळले. मार्चमध्ये तो पुन्हा पेठला गेला आणि मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही या, पण दोरी आणू नका." मी गुण्या घेऊन गेलो. आमच्या गॅलरीत आता नवी दोरी आहे; ती मी मुद्दाम सैल बांधली आहे. चादरी वाळत घातल्या की मध्ये जमिनीला टेकतात, अशी घरातून तक्रार आहे, आणि तिच्यावर मला अद्याप उपाय सापडलेला नाही.